पाचवी ओळ

कॅमिल स्ट्रिंगमनं कागद वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला नेड्रा थोरपला ते शब्द ओळखीचे वाटले. आधी तिला वाटलं, उपासामुळे असेल. महिन्याचा पहिला रविवार. काल दुपारपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि साठीनंतर उपास पोटाआधी डोक्यात चढतो. पण तिसऱ्या ओळीत बरण्यांची झाकणं आली, एकेक टक् करून बसली, आणि तिच्या लक्षात आलं की ही झाकणं आपली आहेत. हा आपल्या स्वयंपाकघरातला आवाज आहे. सत्तावीस वर्षांपूर्वीचा. तो चर्चमधल्या या बायकांच्या वर्गात, लोखंडी घडीच्या खुर्च्यांच्या रांगांत, एका सव्वीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून कसा येतोय? शेजारच्या बाईनं तिच्या हातात एक चिठ्ठी सरकवली. फिकट जांभळ्या कागदावर कडेनं फुलं छापलेली, आणि मधोमध:

सप्टेंबर सरत आला, पीच पिकायचे थांबत नाहीत.
मी साली काढते, बिया काढते, पाक ओतते.
बरण्यांची झाकणं एकेक टक् करून बसतात,
घरात एवढाच आवाज.
देवा, तू ऐकतोस, मला ठाऊक आहे.
मी आपली बोलत राहते,
दार वाजलं की भास झाला हे न कळताच
आपण आतून 'आले, आले' म्हणतो ना,
ओल्या हातांनी, तसं.

"लेखिका अज्ञात," कॅमिल म्हणाली. बायका हुंकारल्या. कुणीतरी पर्समधून कागदी रुमाल काढला. नेड्राला कुणीतरी आपल्यासमोरच आपल्याविषयी, ती बिचारी कधीच गेली, असं सांगावं तसं वाटलं. अज्ञात. ती तर तिसऱ्या रांगेत बसली होती, करड्या स्कर्टमध्ये, डाव्या मोज्याला टाचेशी भोक होतं. हात वर करून सांगावं का? शाळेतल्या मुलीसारखं? 'बाई, ते मी लिहिलंय.' पण हात वर जाईना, कारण पाचव्या ओळीपाशी तिचं मन अडकलं होतं. ही ओळ तिची नव्हती. कुणीतरी आपल्या घरात येऊन एकच खुर्ची बदलून जावं, बाकी सगळं जिथल्या तिथं, तसं झालं होतं. तिनं लिहिलं होतं, 'देवा, तू ऐकतोस की नाही, मला ठाऊक नाही.' तिनं ते शिसपेन्सिलीनं, झाकणांच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, आणि 'नाही' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

नेड्राचं बाळ अकरा दिवस जगलं. आधीच्या दोन्ही मुली धडधाकट झाल्या, त्यामुळे तिसऱ्याच्या वेळी तिनं काळजी अशी केलीच नव्हती. अकराव्या दिवशी दवाखान्यातून ती आणि तिचा नवरा वेन्डल रिकाम्या हातानं घरी आले तेव्हा मागच्या अंगणातलं झाड पीचनं वाकलेलं होतं. चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज यायच्या, बटाट्याचं जेवण झाकून आणायच्या, आणि प्रत्येक जण तेच सांगायची: आपल्या चर्चच्या मंदिरात तुमची लग्नाची गाठ अनंतकाळासाठी बांधलेली आहे, हे मूल तुझंच आहे, पुनरुत्थानानंतर ते तुझ्या मांडीवर परत येईल, तूच त्याला वाढवशील. सांगणारीचा आवाज खरा असायचा. नेड्रालाही ते खोटं वाटत नव्हतं. फक्त ते फार लांबचं वाटत होतं, आणि पीच आत्ता पिकत होते. झाडाला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं मोठी कढई चढवली आणि तीन दिवस बरण्या भरल्या. ती देवाशी बोलत होती, अगदी साध्या आवाजात: आता साखर संपली, आता हे भांडं फार तापलं, तुला ऐकू येतंय का, आता मी खाली बसते जरा. उत्तर येत नव्हतं आणि ती थांबतही नव्हती. श्रद्धा उडाली होती असं कुणी म्हटलं असतं तर ती चिडली असती. श्रद्धा असल्याशिवाय इतकं कोण बोलेल? पण ठाऊक होतं का? ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवसापासून 'ठाऊक' हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. उपासाच्या रविवारी लोक एकेक करून उठतात, ध्वनिक्षेपकापाशी जाऊन साक्ष देतात, आणि प्रत्येकाची साक्ष त्याच शब्दांनी सुरू होते: मला ठाऊक आहे. आज सकाळीसुद्धा पाच वर्षांचं एक पोर, बापानं कानात सांगितलेलं जसंच्या तसं घोकत, मला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, म्हणत गेलं आणि सगळे हसले. नेड्रा वर्षातून एकदा उठायची. ती म्हणायची, मी आभारी आहे. मला बरं वाटतं. मी इथंच राहणार आहे. सत्तावीस वर्षं ती त्या एका शब्दाला वळसा घालून जात होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. असं तिला वाटायचं.

त्या काळी मंडळीतल्या सगळ्याच बायका कविता करायच्या. कुणाचा मुलगा दोन वर्षांच्या धर्मसेवेला, परमुलखात प्रचाराला, निघाला की कविता, बिशपची मुदत संपली की कविता, सुवर्णमहोत्सव, बाळंतपण, नवा गालिचा. यमक पक्कं, शेवटी स्वर्गातला पिता. गुरुवारी सकाळी आर्विला जेक्सच्या तळघरात गोधडीची चौकट मांडलेली असायची, सहा-सात जणी चारी बाजूंनी बसून टाके घालायच्या आणि एकेक जण सुई न थांबवता आपली कविता म्हणायची. कुणी म्हणे, "अगं, 'प्रकाश'ला 'आकाश' नको गं, तिसऱ्यांदा झालं या महिन्यात!" आणि चौकट हसण्यानं हलायची. नेड्राची यमकं बरी असायची. पण झाकणांच्या पुठ्ठ्यावरची ती कविता तिनं तिथं कधी म्हटली नाही. यमक नव्हतं, तेव्हा तिला ती कविता आहे असंच वाटत नव्हतं. फक्त एकदा, आर्विलाचा नवरा छपरावरचा बर्फ काढताना पडून गेला, पाच मुलं मागे ठेवून, तेव्हा नेड्रानं ती एका कोऱ्या कागदावर उतरवली आणि बटाट्याच्या भांड्याबरोबर देऊन आली. पुढं दोघींत त्याबद्दल शब्द निघाला नाही. आर्विला आता बहात्तर वर्षांची होती. नेड्रानं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दोन खुर्च्या सोडून आर्विला बसली होती, मांडीवरच्या पर्सची कडी उघडत होती आणि मिटत होती. चिठ्ठी तिनं घेतली नव्हती.

वर्ग संपल्यावर बायका पांगल्या. नेड्रा खुर्च्या मिटून भिंतीला लावत राहिली. हाताला काम हवं होतं. खिडकीबाहेर फेब्रुवारीतलं धुरानं मळकटलेलं धुकं खोऱ्यात तुंबून बसलं होतं, आठ दिवस डोंगर दिसले नव्हते. कॅमिल उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करत होती. गेल्या ईस्टरपासून ती दोन मुलांना घेऊन एकटीच बाकावर बसते हे सगळ्यांनाच माहीत होतं. नवऱ्यानं चर्चला येणं बंद केलं होतं. कुणी विचारत नव्हतं, फक्त तिच्या घरी पाव आणि केक जरा जास्त जायला लागले होते.

"सिस्टर थोरप, राहू द्या हो, मी लावते खुर्च्या." मंडळीत बायका एकमेकींना सिस्टर म्हणत.

"असू दे. ही कविता कुठं मिळाली तुला?"

"आजीच्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर होती. व्हर्नल गावात. मग आईच्या फ्रीजवर होती, मग माझ्या." कॅमिलनं चिठ्ठीकडे पाहिलं. "खरं सांगू? सांगितलं तर कुणाला सांगणार नाही ना?"

"कुणाला सांगणार? वेन्डलला? त्याला अर्धं ऐकूच येत नाही."

कॅमिल हसली, पण तेवढ्यापुरतीच. "मला ही कविता पाठ आहे. रात्रंदिवस डोक्यात असते. पण एक ओळ आहे ना, तिथं मी दर वेळी ठेचकाळते. 'तू ऐकतोस, मला ठाऊक आहे.' मग पुढं ती म्हणते, दार वाजलं की भास झाला कळत नाही. अहो, ठाऊक आहे तर भास कसला? एक तर ही ओळ खोटी, नाही तर शेवट खोटा. आणि शेवट खोटा असूच शकत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटतं, मलाच काहीतरी झालंय. बाकी सगळ्यांना ती ओळ बरोबर वाटते. मघाशी वाचतानाही सगळ्या माना डोलवत होत्या. मीसुद्धा डोलवली."

नेड्राच्या हातात एक अर्धवट मिटलेली खुर्ची होती. तिला विचित्र वाटलं. मघापासून तिच्या आत जे काही ताठ उभं होतं, आपलं नाव, आपला हक्क, आपली मोडलेली पेन्सिल, ते सगळं एकदम खाली बसलं. ही पोर त्या ओळीतून आत हात घालून खालची ओळ चाचपत होती. न दिसणारी. सत्तावीस वर्षं कुणी तिला इतकं नीट वाचलं नव्हतं. अशा वेळी आनंद होतो हे तिला माहीतच नव्हतं. तो दम लागल्यासारखा आला.

"तुला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "ती ओळ तशी नव्हतीच. 'देवा, तू ऐकतोस की नाही, मला ठाऊक नाही.' अशी आहे."

ओठ हलवून कॅमिलनं ती ओळ स्वतःशी म्हणून पाहिली, मग पुढची, मग शेवटपर्यंत. कुलपात चावी फिरावी तसा तिचा चेहरा फिरला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिली ती."

"नाही!"

"अगं हो. स्वयंपाकघरात. अंगाला सगळा पाक लागलेला."

कॅमिलनं तिच्या गळ्यात हात टाकले तेव्हा मधे ती खुर्ची होती, ती दोघींच्या नडगीला लागली आणि दोघी 'आई गं' म्हणाल्या. मग कॅमिलनं पर्समधून पेन काढलं, कोपऱ्यातल्या पियानोवर कागद ठेवला, पाचवी ओळ खोडून वर बारीक अक्षरात खरी ओळ लिहिली. 'अज्ञात'पाशी तिचा हात थांबला. "नाव घालू?" तिनं विचारलं. घरात, मंडळीत, सगळीकडे नको नको म्हणायची नेड्राला सवय होती; शेवटचा पाव, खिडकीजवळची जागा, सगळ्याला आधी नको. तो शब्द जिभेवर आलाही. "घाल," ती म्हणाली. "नेड्रा थोरप. पुरं नाव."

मग आर्विलाला घरी सोडायचं होतं. दर रविवारी नेड्राच तिला गाडीतून सोडायची. वेन्डल बिशपबरोबर कसला तरी हिशेब बघायला मागं थांबला होता, चालत येणार होता. गाडीचं इंजिन गरम होत होतं. काचेवर आतून वाफ धरली. नेड्रा कसं विचारावं याचा विचार करत होती, आणि आर्विलानं विचारण्याची वाट पाहिली नाही.

"मीच बदलली."

"मला वाटलंच."

"तुला काही वाटलेलं नाही, उगाच शहाणपणा करू नकोस. तुला आत्ता कळलं." आर्विलानं हातमोजे चढवायला घेतले, बोटं सांध्यांशी सुजलेली, एकेक बोट आत ढकलावं लागत होतं. "तुझी डिश मी परत केली, कविता ठेवली. आरशात अडकवली होती. रोज सकाळी वाचायची. पाच पोरं, एक गाय, आणि पुरुष मातीखाली. नेड्रा, त्या वर्षी मला 'ठाऊक नाही' म्हणून अंथरुणातून उठता येत नव्हतं गं. पाय खाली टेकायला काहीतरी लागतं की नाही? म्हणून तेवढं एक खोडलं. मग म्हणता आलं. मग उठता आलं."

"आणि मग लोकांना वाटत सुटलात."

"मागायच्या बाया! दर अंत्यविधीला कुणीतरी मागायची. खरं सांगू का, तुझं नाव घालावं असं फार मनात होतं. पण मी बदललेल्या ओळीखाली तुझं नाव? तशी लबाड मी नाही. चोरी केली, पण ती तुझ्या नावावर खपवली नाही." तिनं हातमोज्यानं काच पुसली. "रागावलीस?"

नेड्रानं वायपर लावले. रागावली होती का? मघाशी वर्गात तिला वाटलं होतं, ज्यानं बदल केला त्याला आपली ओळ सहन झाली नाही, आपल्याला सुधारलं, नीटनेटकं केलं, जसं बायका दुसरीच्या घरात आल्या की उशा सारख्या करतात. ती खरी ओळ तिनं एकटीनं इतकी वर्षं सांभाळली होती, जवळजवळ अभिमानानं, की निदान मी तरी खोटं बोलले नाही. आणि आता शेजारी ही बाई बसली होती, जिनं पाच पोरं त्या खोट्या ओळीवर पाय ठेवून वाढवली, आणि ते खोटं नव्हतंच. आर्विलाला ते तेव्हा ठाऊक व्हावंच लागलं होतं. एकाच झाडाला दोन जणींनी दोन बाजूंनी हात लावला होता, एवढंच. तिला गंमत वाटली की हे समजायला तिला काही त्रास पडला नाही. तरुणपणी पडला असता.

"नाही," ती म्हणाली. "पण ओळीची लय बिघडवलीत तुम्ही."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," आर्विला म्हणाली. "पण वेळ कुठं होता?"

आर्विलाकडे थोडं बसून नेड्रा घरी आली तेव्हा वेन्डल आधीच पोचला होता. सदऱ्याच्या बाह्या वर करून ओट्यापाशी बटाटे सोलत होता. उपास पाच वाजता सुटायचा आणि त्याची तयारी तो तीनपासूनच करायचा. तीस वर्षं त्यानं शहराच्या पाणीखात्यात काढली होती. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ किती खोल आहे हे त्याला पाठ, आणि जमिनीवरच्या गोष्टींबद्दल तो फारसं बोलत नसे. बाळ गेलं तेव्हा तो रडला नाही. दर उपासाच्या रविवारी पांढरा सदरा घालून उभा राहिला, साक्ष दिली, मला ठाऊक आहे म्हणाला, आणि नेड्राला वाटलं, बरंय, घरातल्या एकाला तरी खात्री आहे. त्या खात्रीला पाठ टेकून ती इतकी वर्षं आपल्या शंकेसकट नीट झोपली होती. म्हणूनच तर ती कविता त्याला कधी दाखवली नाही. आपल्या भाराखाली भिंतच हलली तर? पण आज कॅमिलच्या हातात कागद होता, त्यावर नाव होतं, आणि या मंडळीत गोष्ट फिरायला दोन दिवस पुरत. त्याला बाहेरून कळावं हे तिला बरं वाटेना. ती कोट न काढताच दारात उभी राहिली आणि कविता म्हणाली. सगळी. पाचवी ओळ तिनं जरा मोठ्यानं म्हटली, कारण त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

वेन्डलनं सुरी खाली ठेवली. नळ बंद केला.

"हे कधीचं?"

"त्याच महिन्यातलं."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"आणि आता?"

"आताही नाही. मी बोलते मात्र रोज." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती घाबरली. "वेन्डल, मी सोडून वगैरे कुठं—"

"तसं नाही," तो म्हणाला. तो स्टुलावर बसला, हाताला बटाट्याची साल चिकटलेली. "मला वाटायचं, तुला खात्री आहे. तू बरण्या भरत होतीस. तोंडानं काहीतरी चाललेलं असायचं, मला वाटायचं, ही प्रार्थना करतेय, हिला उत्तर येतंय. मी रोज कामावर जाताना खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, हिला ठाऊक आहे, तर माझी शंका मी बोलू नये. म्हणून तर दर महिन्याला उठून म्हणायचो. मला वाटायचं, म्हणत राहिलं की एक दिवस तुझ्याएवढी खात्री येईल."

नेड्राला एकदम हसू फुटलं. तिनं ते आवरायचा प्रयत्न केला, पण उपाशी पोटी हसू आवरत नाही. सत्तावीस वर्षं दोघं पाठीला पाठ लावून बसले होते, प्रत्येकाला वाटत होतं, मागं भिंत आहे. आणि तरी पडलं कुणीच नव्हतं. तोही हसायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता, आणि मग तो हसत नव्हता.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "बाळाचं नाव ठेवलं त्या दिवशीचं. तू दवाखान्यात वरच्या मजल्यावर झोपलेली होतीस, टाके ताजे होते. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मला आशीर्वाद द्यायचा होता. बाप देतो तसा. तू मोठा होशील, बरा होशील, धर्मसेवेला जाशील, लग्न करशील. मी हात ठेवले आणि तोंडातून काही येईना. डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत होतं. नाव घेतलं आणि आमेन म्हणालो. तेवढंच. तुला येऊन सांगितलं, सगळं छान झालं. मला इतकी वर्षं वाटतंय, मी वचन दिलं असतं तर..."

तिनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पुढं होऊन त्याचं डोकं आपल्या कोटावरच पोटाशी धरलं. तिच्या मनात आलं ते फार साधं होतं: बरं झालं, यानं त्या बाळाला खोटं काही सांगितलं नाही. एवढ्याशा जिवाला सगळ्यात आधी जे सांगितलं गेलं ते त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि ते खरं होतं. तिनं ते त्याला सांगितलं. बाहेर कुणीतरी फुटपाथवरचा बर्फ खरवडत होतं.

"मग त्यानं काय केलं?" तिनं विचारलं. "नाव घेतल्यावर?"

वेन्डलनं मान वर केली. डोळे ओले होते आणि तो काहीतरी आठवत होता. तिला दिसलं की आठवताना त्याच्या ओठांचे कोपरे वर जाताहेत.

"एल्डन म्हटलं ना मी, मोठ्यानं, सगळं पुरं नाव," तो म्हणाला. "तर त्यानं जांभई दिली."

"जांभई?"

"ही एवढी. सगळा चेहरा त्यातच गेला. नर्ससुद्धा हसली."

नेड्रा कोट घालूनच त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्यानं आपलं नाव ऐकून जांभई दिली होती हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत आपल्या मुलाबद्दल काही नवं कळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. कोणत्या कुशीवर होता तो?"